झोळी उतरवणारे गावडेमामा

नोकरी गेल्यापासून बाबा खोलीत शिरले की जमिनीवर जे असेल त्याला लाथ मारायचे. स्टोव्हला, भाताच्या पातेल्याला, एकदा आईच्या पोटात. म्हणून भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत माझा धाकटा भाऊ जमिनीला कधी टेकलाच नाही. जन्मल्यापासून तो वर बांधलेल्या झोळीत. सव्वा वर्षाचा झाला तरी उभा केला की पाय ओल्या फडक्यासारखे दुमडायचे.

हे ओळखलं शेजारच्या गावडेमामांनी. परळच्या एका प्रयोगशाळेत ते उंदीर सांभाळायचे. बोटांवर चाव्यांचे वण. माना मोडून उंदीर मारणं हे रोजचं काम, आणि ते सांगताना त्यांचा जेवणाचा घास थांबायचा नाही. भावाची पोटरी त्यांनी चिमटीत धरली तेव्हा मात्र चेहरा उतरला. प्रयोगशाळेत प्रयोगासाठी उंदरांची काही पिल्लं लहानपणीच शेपटीने अशी टांगत, की मागचे पाय जमिनीला लागू नयेत. मग कापून बघितलं की पायात मांस नावाला. मोठा उंदीर खाली सोडला की त्याचा पाय परत भरतो. पिल्लाची वेळ गेली की गेली.

“मियाच टांगतंय ती, वैनी,” ते आईला म्हणाले. “भार पडल्याशिवाय पायात मास भरणा नाय. ह्येका खाली सोड.”

आई म्हणाली, हे मारून टाकतील त्याला.

“मी बसतंय हय,” म्हणत मामांनी झोळी सोडली, भावाला खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले.

संध्याकाळी बाबा आले. भाऊ खाली दिसताच त्यांनी पाय उचलला. मामा मध्ये सरकले. लाथ त्यांच्या बरगडीत बसली. मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामांनी तोच पाय धरून पिरगाळला. बाबा तोंडावर मोरीच्या कठड्यावर आपटले. दोन दात पडले, मोरी लाल झाली.

“आता तू पण ऊठ,” मामा हळू म्हणाले. “आपल्या पायार.”

आईने त्या दिवशी शिव्या मामांनाच घातल्या. पण झोळी परत बांधली नाही. छातीला पट्टा बांधून मामा वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या दारात बसले. भाऊ पडायचा, ओठ फुटायचा. मी उचलायला धावले की मामांचा फटका माझ्या हातावर.

पुढे मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली, आमच्या सगळ्या घराण्यात पहिली. मामांच्या हाताला जे कळलं होतं, ते मी पुस्तकात नंतर वाचलं.

मामा गेल्या वर्षी गेले. तिरडीला पुढचा खांदा माझ्या भावाचा होता. स्मशानापर्यंत त्याने तो बदलला नाही.