एक स्टॉप आधी

संध्याकाळच्या चाकण बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. आम्ही दोघं कुरुळीचेच, पण तो एक स्टॉप आधी उतरून आडवाटेनं चालत जायचा. एकदा मी कारण विचारलं.

तळहातावरचे घट्टे चोळत तो म्हणाला, "आमच्या लाइनवर जड पार्ट उचलून पोरांच्या कमरा जायच्या. म्हणून मी भंगारातल्या सामानातून पार्ट उचलायचं यंत्र बनवलं. कंपनीनं स्टेजवर शाल दिली, इनोव्हेशन म्हणाले. म्हंजे काय, ते पुढच्या महिन्यात कळलं राव. चौघांचं काम एकावर आलं, तिघांना काढलं. ते संध्याकाळी आपल्या स्टॉपवरच्या टपरीवर बसत्यात."

परवा गर्दीत त्याला दारापर्यंत पोचताच आलं नाही. तो माझ्याबरोबर कुरुळीला उतरला. टपरीवरच्या तिघांतला एक उठून सरळ त्याच्याकडे आला आणि त्यानं चहाचा ग्लास त्याच्या हातात दिला.

"घे भावा. तू आमच्यासाठीच केलं हुतंस, आमाला ठावं हाय."

त्यात टोमणा नव्हता. शिवी त्यानं ऐकून घेतली असती. ग्लास हातात तसाच धरून तो उभा राहिला, आणि चहा निवून गेला तरी त्याची मान काही वर झाली नाही.