उजव्या स्पीकरमधली टकटक

वडिलांच्या वर्षश्राद्धाला पैठणहून काका आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "दादांची ती जुनी मोनो रेकॉर्ड लाव. काय रसिक माणूस होता!"

मी लावली. मोनो असल्यानं गाणं दोन्ही स्पीकरमधून सारखंच, बरोबर मधून येत होतं. ओरखड्याची टकटक मात्र एकट्या उजव्या स्पीकरमधून, आणि त्याच्याशेजारीच आई बसली होती.

तो ओरखडा कशाचा, हे फक्त तिला आणि मला ठाऊक. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्या रसिक माणसानं हीच रेकॉर्ड तिच्या तोंडावर भिरकावली होती. कडेनं तिची भुवई फाटली, रेकॉर्ड फरशीवर घासत गेली. रक्त गळत असताना हा धावला तो रेकॉर्ड पुसायला. माझ्या हाताशी बत्ता होता. तो त्याच्या टाळक्यात घालायचं तेवढं राहून गेलं.

"मोनोचं बटन दाब की, दोन्ही बाजू एक होऊन टकटक कमी होईल," काका म्हणाला. मी हात पुढं केला.

"दाबू नको," आई म्हणाली. मग भुवईवरचा व्रण काकाकडं वळवून बोलली, "ऐका भावजी. गाणं तर दुसऱ्याचं हाय. टकटकच तेवढी तुमच्या दादांची."