सहाव्या मॉडेलची नंबरप्लेट

मंडळी, तुम्हाला गाड्यांमधलं कळतं, म्हणून काम उरकून थेट बारामतीच्या सायबर कॅफेत येऊन इथं लिहितोय.

मी लासुर्ण्यात उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. माझा मित्र संतोष ट्रॅक्टर चालवायचा. टर्बोवाल्या जपानी लान्सर इव्होल्युशन गाडीचं नवं मॉडेल आलं, की हंगामाआधी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर तेच माझ्याकडून रंगवून घ्यायचा. "टर्बो मागं लागला की ट्रॅक्टर पळतोय बघ," म्हणायचा. माझी एकही चूक सोडायचा नाही.

पावसाळ्यात संतोष काविळीने गेला. आज त्याचे वडील, तात्या, एकटेच ट्रॉली घेऊन आले.

"यंदाचं मॉडेल आलं का रं?"

"आलंय तात्या. सहावं."

"मग त्येच काढ. जुनं चालायचं न्हाय त्याला."

रंग खरवडला, तर रुंद चाकांच्या पाचव्या मॉडेलखालून चौथ्याचे मोठे गोल दिवे निघाले. तात्यांनी तोंड फिरवलं.

चित्र झाल्यावर मी सवयीने मागे सरकून थांबलो. तेव्हा चूक दिसली. सहाव्यात पुढची नंबरप्लेट एका बाजूला गेली आहे. मी पाचव्यासारखी मधोमध काढली होती. संतोष लगेच ओरडला असता, "पेंटर, झोपला व्हतास काय?"

तात्या म्हणाले, "लई झ्याक. हुबेहूब झालीय."

मी ब्रश धुवायला घेतले.

ट्रॉली उद्या जाणार आहे. सकाळी प्लेट सरकवू? की तशीच सोडू, आणि रस्त्यात मागून येणारं कुणीतरी ओरडेल याची वाट बघू?