थोरल्याला विचारून ठरवलेलं कुंपण

१९७३, मार्चमधला दुसरा शनिवार. रक्कम सव्वीस पौंड. हजर मी, बायको, सुतार आणि शेजारच्या दोघा अविवाहित भावांपैकी थोरला. धाकटा बाजारात गेला होता.

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरामागचं कुंपण वाऱ्याने आडवं झालं होतं. ते शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खर्च निम्मानिम्मा. हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात आठवडा काढल्यावर शनिवारी माझ्यात फारसं काही उरत नसे. विषय एकदाचा मिटावा, एवढंच हवं होतं. सुताराने दोन दर सांगितले. सहा फुटी कुंपणाचे अडतीस पौंड, तीन फुटीचे सव्वीस.

"तीन फुटी," थोरला म्हणाला. "खुर्चीत बसल्यावर पलीकडचं दिसलं पाहिजे."

मी हो म्हटलं. आपल्याकडे थोरल्याचा शब्द तो घराचा शब्द. धाकट्याला वेगळं विचारावं, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

सोमवारी सुतार कामाला आला आणि धाकट्याने त्याला परत पाठवलं. संध्याकाळी मी ट्रेनमधून उतरून घरी पोचलो, तर धाकटा दारात उभा.

"कुणाला विचारून ठरवलंत?"

"तुमच्या मोठ्या भावाला."

"तो मोठा आहे. कॅप्टन मी होतो."

युद्धात दोघे एकाच बॉम्बफेकी विमानात होते, हे मला तेव्हा कळलं. धाकटा पायलट, म्हणजे विमानाचा कॅप्टन, 'स्किपर'. थोरला रिअर गनर, म्हणजे शेपटाच्या टोकाला मागे तोंड करून एकटा बसणारा बंदूकवाला. दर थोड्या वेळाने पायलट फोनवरून एकेकाला हाक मारी, म्हणजे कोण जिवंत आहे ते कळे. त्यांच्या घरातून "रिअर गनर, चहा," आणि "आलो, स्किपर," असं आम्ही कितीदा तरी ऐकलं होतं. आम्हाला ती भावाभावांची थट्टा वाटे.

बायकोने धाकट्याला आत बसवून चहा दिला. त्याने कोट काढला नाही.

"निघताना आईने मला बजावलं होतं, त्याला परत घेऊन ये. आणला. पण तो दिवसभर थंडीत बाहेर बसून आभाळाकडे बघत राहतो. लोक बघतात. उंच कुंपण असलं तर निदान कुणाला दिसणार नाही. जास्तीचे बारा पौंड मी भरतो."

"अहो, दमलाय हो हा भावाची राखण करून," बायको मला मराठीत म्हणाली.

"मीपण दमलोय."

"तुमचं रविवारी झोपलं की जातं. याचं तीस वर्षांचं आहे."

तेवढ्यात पडलेल्या कुंपणावरून थोरला सपाता घालून आला आणि आमच्या मागच्या दारात उभा राहिला.

"रिअर गनर, घरी जा," धाकटा म्हणाला.

"नाही."

धाकट्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"विमानातल्या त्या खोक्यात मला पाय पसरता येत नव्हते," थोरला म्हणाला. "आता घरामागे आणखी एक खोकं नको. लोक बघतात ते मला दिसतं. मी त्यांना हात करतो."

"आजारी पडशील."

"पडेन. त्रेपन्न वर्षांचा आहे मी."

धाकट्याने कप खाली ठेवला. "मग पैसे तू भर."

"भरतो की."

"आणि कोट घालत जा."

"ते बघू."

गुरुवारी तीन फुटी कुंपण उभं राहिलं. सुताराला सव्वीस पौंड मिळाले. तेरा माझे, आणि तेरा थोरल्याने पोस्टातल्या स्वतःच्या बचतीतून काढून आणलेले. सोमवारच्या फुकट गेलेल्या फेरीचा सुताराने दीड पौंड वेगळा मागितला होता. चूक माझी, म्हणून मी पाकीट काढलं. पण तो दीड पौंड धाकट्याने सकाळीच त्याच्या हातावर ठेवला होता.