आम्ही आधीच कळवलं होतं

स्पॅनिश शिकायचं खूळ माझं नव्हतं, शेठचं होतं. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांची बियाण्यांची कंपनी, आणि मी तिथं पत्रव्यवहार बघायची. मिरचीचं बी दक्षिण अमेरिकेत जायला लागलं तसं शेठ म्हणाले, "ताई, तुम्ही स्पॅनिश शिका. परदेशी विभाग तुमच्याच हातात. बिलकुल!" त्या एका 'बिलकुल'वर मी वर्षभर भोकरदन-जालना एसटीत शब्द घोकले आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांत मोबाइलवर क्लास केला.

सगळ्यात घाम काढला तो पूर्ण भूतकाळानं. एक गोष्ट घडली, पण तिच्याही आधी दुसरी घडून गेली होती. त्या आधीच्या गोष्टीसाठी हा काळ. आधी 'आबिया' घ्यायचं. मी आबिया, तू आबियास, आम्ही आबियामोस, ते आबियान. लिहिताना पुढं ह लावायचा, बोलताना गिळायचा. मग क्रियापदाची शेपटी तोडून 'आदो' नाहीतर 'इदो' जोडायचं. बाई असो की बाप्या, त्यात बदल न्हाई. नकार सगळ्यांच्या पुढं, दोघांच्या मधी कुणाला शिरू द्यायचं न्हाई. दिचो, एचो, बिस्तो अशी काही वांड पोरं नियम पाळत नाहीत, ती पाठच करायची.

मॅडमनी मराठीतून उदाहरण मागितलं. मी म्हणले, "मी आले तव्हा बस गेल्ती." सगळा क्लास फिदीफिदी हसला. मॅडम म्हणाल्या, "'गेली होती' म्हणा." अगं बाई, तू स्पॅनिश शिकवायला बसलीस का मराठी? असं तोंडावर आल्तं, पण गिळलं. गरज माझी होती.

यंदा तिकडची एक व्यापारीण स्वतः जालन्याला आली. बी उगवलंच न्हाई, अर्धे वाफे मोकळे राहिले, जुना माल गळ्यात मारला, असं तिचं म्हणणं. खोलीत शेठ, त्यांचा भाचा, मॅनेजर, ती आणि मी. तिचं सगळं मी मराठीत सांगितलं. शेठनी पान बाजूला ठेवलं.

"सांगा तिला, माल जुना हाय हे आम्ही आधीच कळवलं होतं."

कुठलं कळवलं होतं? कळवायचं काम तर माझंच. माल निघायच्या आधी मी विचारलं, तव्हा "राहू द्या" म्हणणारे हेच. वर्षभर जिवाचं रान करून हा काळ शिकले, आणि पहिल्यांदा वापरायचा तर तो असा?

मी मराठीत म्हणले, "शेठ, आपण कळवलं नव्हतं."

शेठ पाहुणीकडं बघून गोड हसले आणि मला म्हणाले, "भाषांतर करा ताई. साक्ष द्यायला न्हाई बसवलं तुम्हाला."

मी मॅनेजरकडं बघितलं. ते चहात बिस्किट बुडवून राह्यले. मी गप्पच बसले, तसा भाचा म्हणाला, "थांबा मामा, जल्दी होतं." त्यानं मोबाइल तोंडाशी धरला आणि त्यातली बाई लाडात बोलली, "लेस आबियामोस आविसादो." एका अक्षराची चूक नाही. मुडद्याला वर्षभर काही घोकावं लागलं नव्हतं.

पाहुणीनं माझ्याकडं बघून विचारलं, खरंय का?

"नो लेस आबियामोस आविसादो," मी म्हणले. नाही, आम्ही तुम्हाला कळवलं नव्हतं. त्यातला 'नो' कळायला शेठला भाषांतर लागलं नाही.

मला वाटलं, आता ती बाई उठून जाईल, भांडेल. कशाचं काय! माझ्या त्या एका वाक्यावर तिनं नव्या मालाचा भाव पाडून घेतला. शेठना ऑर्डर मिळाली, भाच्याला परदेशी विभाग. मला मॅनेजरनी संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

घरी आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत ऐकत होती. म्हणाली, "खरंच बोलायचं व्हतं त मंग मराठीत बोलायचं. त्याला एवढा खर्चा कशाला केला?"

मराठीतच बोलले होते, माय. आधी मराठीतच बोलले होते. त्या खोलीत मराठी कळणारे तिघं होते, तिघांनाही बराबर कळलं होतं.