झोपवायला आलेल्या डॉक्टरीणबाई

आमच्या गल्लीत त्यांना ‘झोपवणाऱ्या बाई’ म्हणत. जनावरांच्या डॉक्टर त्या. पण साठी उलटल्यावर दवाखाना त्यांनी भाच्याच्या हवाली केला आणि एकच काम ठेवलं. आजाराने थकलेल्या कुत्र्यामांजरांना त्यांच्याच घरी, त्यांच्याच अंथरुणावर, दुखू न देता निरोप द्यायचा. स्वतःची मांजर दवाखान्यातल्या गार टेबलावर थरथरत गेली, तेव्हापासून त्यांच्या मनाने हे घेतलं होतं.

‘मारा’ असं कोणाच्या तोंडून निघत नाही. लोक म्हणतात, झोपवा. म्हणून शिंपीणकाकूंचा फोन आला, की म्हाताऱ्या ढब्बू कुत्र्याचे हाल बघवत नाहीत, येऊन झोपवून जा, तेव्हा बाईंनी पुढे काही विचारलंच नाही. बॅग उचलली आणि निघाल्या.

आल्याआल्या बॅग उघडायची नाही, आधी जमिनीवर बसायचं, ही त्यांची पद्धत. शिलाई मशीनखाली चिंध्यांवर ढब्बू पडला होता. डोळा लागला न लागला, की कण्हत उठायचा. बाईंनी त्याला हात हुंगू दिला आणि नेहमीसारखं हळूच विचारलं, “सगळ्यांचं भेटून झालं?”

शिंपीकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोणाला भेटायचंय? हा कुठे निघालाय?”

“काकूच म्हणाल्या ना, झोपवायचंय.”

“मग काय,” काकू म्हणाल्या, “रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही त्याच्या. एखादी गोळी द्या, म्हणजे आम्हीही झोपू.”

बाईंनी बॅग झटकन बाजूला सारली. आणि दुसऱ्याच क्षणी असा हुरूप आला, की गुडघेदुखी विसरून त्या मशीनखाली शिरल्या. कोणीतरी त्यांना बरं करायला बोलावलं होतं! वय झालंय त्याचं, असं काका म्हणत होते. वय काय एकाच पायाचं झालंय का, असं बाईंनी मशीनखालूनच सुनावलं, कारण ढब्बू पुढचा डावा पाय टेकतच नव्हता. काकूंनी टॉर्च धरला. जागा बधिर करून बाईंनी पंजाच्या गादीत चिमटा घातला, तर तुटक्या सुईचं टोक बाहेर आलं.

“अरेच्चा, हे मी कधीचा शोधतोय,” काका म्हणाले.

“तुमचा संसार म्हणजे असाच,” काकू म्हणाल्या. “तुम्ही हरवायचं, दुसऱ्याने पायात घालून फिरायचं.”

जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत ढब्बू चारी पाय ताणून घोरायला लागला. काकूंचं लक्ष तेव्हा कुठे बाजूला पडलेल्या बॅगेकडे गेलं, आणि ‘सगळ्यांचं भेटून झालं?’ याचा अर्थ त्यांना लागला.

“तुम्ही त्या कामाला आला होतात?”

बाईंनी मान डोलावली. काकूंनी पदराने डोळे पुसले. बराच वेळ ढब्बूच्या पाठीवरचा हात काही काढला नाही.

“त्याची वेळ आली, की तुम्हीच या हो,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाला घरात घेणार नाही मी.”

निरोप द्यायला गेलेल्या घरी बाई कधी पाण्याचा घोटही घेत नसत. त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला, वर साखर कमी पडली म्हणून तक्रारही केली.