झाकण न काढलेला पेला

न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसलो होतो. समोर टीव्हीवर आपला मंत्री शेजारच्या देशात गेलेला दाखवत होते. तो देश आपला जुना सोबती, पण वर्षभर रुसलेला. त्यात हद्दीवर घुसखोरी वाढलेली, आणि माझा धाकटा पोरगा ज्ञानू तिथंच पहाऱ्यावर आहे.

"आबा, बघा कसे हसत्यात. मिटलं म्हणायचं," दत्तू न्हावी म्हणाला.

"दात दिसले म्हणजे हसणं झालं व्हय? पाण्याकडं बघ."

मंत्र्यापुढं पाण्याचा पेला भरलेला होता, वरचं झाकण तसंच. मी फार शिकलेला नाही, पण रुसल्या घरी गेलेला माणूस पाणी पितो का, एवढं बघायला शाळा लागत नाही. आमच्याकडं समेट पाण्याच्या घोटानंच सुरू होतो. मी साडूकडं भांडण मिटवायला गेलो तेव्हा दोन तास बोललो, पण तांब्याला शिवलो नाही. आधी त्यानं चुकलं म्हणावं, मग पिईन, असा माझा ताठा. त्यानं तांब्या उचलून आत नेला. दोघी बहिणी त्यानंतर भेटल्या नाहीत. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. बायकोच्या तोंडाकडं मात्र बघवत नाही.

पण माझ्या ताठ्यापायी कुणाचं पोरगं बंदुकीपुढं उभं नव्हतं.

"मान हलवू नका आबा, वस्तरा हाय."

मान कशी थांबणार? मंत्र्याचा हात पेल्याकडं गेला आणि नेमकी जाहिरात लागली. तोंडाला साबण तसाच, मी उठून टीव्हीपुढं उभा राहिलो.

"दुसरं चॅनल लाव," म्हणालो, "पितोय का बघू दे."